महायुद्धांत बेपत्ता झालेल्या आपल्या माणसांचा शोध: सुरुवात कुठून, कागद कुठे, आणि शोध अडतो कुठे

सह्यकडा

सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, नगर या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. या गावातून इतके लोक 1914-1919 च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर. आकडा असतो, नावं नसतात. त्या आकड्यातला एक माणूस आपल्या घरातला होता, 'बसऱ्याला गेला आणि आलाच नाही', यापलीकडे बहुतेक घरांत आज काही ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धाचंही तेच. हा शोध कसा घ्यायचा ते एका जागी असावं म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट म्हणजे घाईने कुणालाही पत्र लिहू नका. आधी नंबर आणि पलटण शोधा. नुसत्या नावावर कुठलंही कार्यालय काही सांगू शकत नाही, कारण एकेका पलटणीत त्याच नावाचे चार-पाच शिपाई असत. नंबरही एकटा पुरत नाही. त्या काळी नंबर प्रत्येक पलटणीचा वेगळा असे, त्यामुळे 2300 नंबरचा शिपाई 103 नंबरच्या मराठा पलटणीतही असतो आणि 117 मध्येही. नंबर आणि पलटण ही जोडी हातात आली की निम्मं काम झालं.

ही जोडी बहुतेक वेळा घरातच असते, पदकाच्या कडेवर. पहिल्या महायुद्धाची दोन गोल पदकं, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल, यांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. 1914-15 चा तारा असेल तर हाच मजकूर त्याच्या सपाट पाठीवर असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना कोरी पदकं मिळाली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर सहसा नाव-नंबर असतो. अनेकांना हे माहीत नसतं आणि पदकाची फक्त दर्शनी बाजू पाहून ते परत ट्रंकेत जातं.

कड वाचण्याआधी पदक घासू नका. चिंच, रांगोळी, पितांबरी, काहीच लावू नका. दर दिवाळीला रांगोळीने उजळलेल्या चांदीच्या पदकाची कड गुळगुळीत होते आणि सगळ्यात आधी आकडे जातात. अंधाऱ्या खोलीत पदक आडवं धरा, मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ समांतर ठेवा आणि पदक हळूहळू फिरवत सात-आठ फोटो काढा. तरी वाचता आलं नाही तर कडेवर पातळ कागद ताणून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, दबलेली अक्षरं कागदावर पांढरी उठतात. 3 आणि 8, 1 आणि 7 यांत हमखास गफलत होते. शंका असेल तर दोन्ही आकडे टिपून ठेवा आणि दोन्ही शोधा.

आणखी एक खूण. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी काशाचं असेल, तर माणूस लढाऊ शिपाई नव्हता. लेबर कोअर, पोर्टर कोअर अशा दलांतल्या माणसांना काशाचं पदक मिळालं. त्यांना मराठा पलटणींच्या यादीत शोधण्यात महिने घालवू नका.

घरात सुमारे 12 सेंटिमीटरची काशाची जड चकती असेल, तिच्यावर उभी स्त्री, सिंह आणि चौकटीत उठावदार अक्षरांत नाव असेल, तर तो मरणोत्तर दिलेला स्मृतिफलक आहे. त्यावर हुद्दा किंवा नंबर नसतो. पण चकती घरात आहे याचा अर्थ सरकारदरबारी मृत्यू नोंदला गेला होता. म्हणजे नाव कुठल्या तरी यादीत असणार, ते मिळेपर्यंत शोध सोडू नका.

मोडीप्रेमी

पदक विकलं, वितळवलं असेल तर गावच्या दप्तराकडे वळा. जुना कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूंची नोंदवही) उतारा, फेरफाराचं जुनं ड-पत्रक आणि वारसनोंद, ही तीन कागदपत्रं तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायची. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइनही आले आहेत. जमिनीवरून नाव कमी करून वारस लावताना कारण लिहावं लागे. तिथे 'लढाईत मयत' किंवा 'बरेच वर्षांपासून परागंदा' असं काहीतरी सापडतं. दोन्हींत फरक आहे. पहिल्यात सरकारी कळवणूक आलेली असते, दुसऱ्यात बहुधा नसते. नोंदीची तारीख मृत्यूनंतर पाच-दहा वर्षांचीही असते, तिलाच मृत्यूची तारीख धरू नका.

जुनी पत्रं असतील तर मोडी वाचणारा शोधण्याआधी पाकिटाचा शिक्का बघा. गोल शिक्क्यात एफ.पी.ओ. आणि नंबर असतो, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस. पलटण कुठे तळ देऊन होती ते त्यावरून लागतं. शेवटच्या पत्राची किंवा शेवटच्या मनिऑर्डरच्या पावतीची तारीख ही शोधाची सुरुवातीची मर्यादा.

घरात पितृपक्षात त्यांचं श्राद्ध कोणत्या तिथीला घालतात तेही विचारा. घातचतुर्दशीला घालत असतील, तर शस्त्राने मृत्यू झाल्याची बातमी घरी पोचली होती असं समजायला जागा आहे. सर्वपित्रीला घालत असतील तर तिथी कळली नव्हती असं असू शकतं, पण सर्वपित्री सगळ्यांचीच असते, त्यामुळे तो पुरावा कच्चा. त्यांच्या पत्नीने कुंकू कधी पुसलं, पेन्शन कधी सुरू झाली, हे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. पुरुषांना हे तपशील क्वचित माहीत असतात.

सह्यकडा

मोडीप्रेमी, तिथीचा मुद्दा फार मोलाचा.

आता याद्यांकडे. मुख्य आधार म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ. शोध फुकट आहे, कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. मृत्यू 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 किंवा 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातला हवा. या तारखा नीट पाहा. लढाई संपल्यावर 1919 किंवा 1920 मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) तापाने गेलेला माणूसही यात बसतो.

नाव टाइप करून शोधलं की बहुतेक लोक इथेच हरतात, कारण स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं. पवार हे पी-ओ-डब्ल्यू-ए-आर असंही येतं आणि पी-यू-ए-आर असंही. चव्हाणांचं सी-एच-ओ-डब्ल्यू-ए-एन होतं, जाधवांच्या शेवटी व्ही ऐवजी ओ किंवा ओ-डब्ल्यू, गायकवाडांच्या शेवटी डी ऐवजी आर, शिंदे कधी एस-आय पासून सुरू होतात. कधी आडनाव नसतंच, नुसतं 'गणपतराव'. म्हणून नावाने शोधू नका. पलटण आणि महायुद्ध निवडा, नावाचा रकाना रिकामा ठेवा आणि आलेली सगळी यादी डाउनलोड करून एक्सेलमध्ये उघडा. मग नंबरने शोधा. नंबर नसेल तर अधिक माहितीच्या रकान्यात जिल्हा, तालुका, गाव यांच्यावरून चाळा. तिथे बऱ्याचदा वडिलांचं नाव आणि गाव असतं.

जिल्हे तेव्हाचे घ्या. कणकवली, मालवण रत्नागिरीत, कारण सिंधुदुर्ग 1981 चा. रायगड म्हणजे कुलाबा. वाळवा, तासगाव, खानापूर सातारा जिल्ह्यात. सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थानं स्वतंत्र लिहिलेली. सांगली जिल्हा टाइप करून काही मिळालं नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत.

पलटणींचे नंबर 1922 मध्ये बदलले, तिथेही घोळ होतो. 103 ची 1/5 (पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण) झाली, 105 ची 2/5, 110 ची 3/5, 116 ची 4/5, 117 ची 5/5 आणि 114 ची 10/5. पणजोबा 'काळी पाचवी'त होते असं घरात सांगत असतील तर पहिल्या महायुद्धाच्या यादीत 105 शोधायची. महार पलटण म्हणाल तर पहिल्या महायुद्धात 111 महार, 1917 ला उभी राहिलेली. आजची महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली, ती वेगळी.

आजोळ_पाटण

नोंद मिळाली असं वाटतंय. 117 मराठा, पाटण तालुका, गाव जुळतं. समोर 'बसरा मेमोरियल' लिहिलंय. म्हणजे बसऱ्याला समाधी आहे का? घरच्यांना तिथली माती आणायची आहे.

सह्यकडा

नाही. मेमोरियल म्हणजे ज्यांची कबर किंवा दहनस्थळ माहीत नाही त्यांचं स्मारक. बसरा मेमोरियलवर मेसोपोटेमियात गेलेल्या 40,000 हून जास्त लोकांचं स्मरण आहे. हे स्मारक मुळात शत्त-अल-अरबच्या काठी माकील इथे होतं, 1997 मध्ये इराक सरकारने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे 32 किलोमीटर आत नेलं. म्हणजे आज ते उभं आहे त्या जागेचा तुमच्या माणसाच्या मृत्यूशी संबंध नाही.

मनाला लागणारी गोष्ट अशी की तिथल्या दगडावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलेलीच नव्हती. ब्रिटिश शिपायाचं नाव, आणि भारतीय पलटणीखाली 'आणि इतर इतके शिपाई' असा आकडा. नावं कागदाच्या यादीत राहिली. कमिशनने 2021 मध्ये स्वतः चौकशी अहवाल काढून ही असमानता मान्य केली. किमान 1,16,000 आणि कदाचित 3,50,000 पर्यंत लोकांचं नावाने स्मरण झालेलं नाही, किंवा अजिबातच झालेलं नाही, असं त्या अहवालात आहे. त्यात मोठा भाग आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या माणसांचा. म्हणून यादीत नाव नसणं हा 'तो मेला नाही' याचा पुरावा धरू नका.

तुमच्या नोंदीतली तारीख काय आहे? 117 ही 103 आणि 110 सोबत सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. 22 ते 25 नोव्हेंबर 1915 ला तिसिफॉनची लढाई, मग 7 डिसेंबर 1915 पासून कुटला तुर्कांचा वेढा, 29 एप्रिल 1916 ला शरणागती. सुमारे 13,000 लोक कैद झाले. तारीख त्या दिवसाच्या आधीची असेल तर लढाईत किंवा वेढ्यात मृत्यू, नंतरची असेल तर बहुधा कैदेत.

आजोळ_पाटण

एक तारीख नाहीये. '1 मे 1916 ते' असं करून 1918 पर्यंतचा काळ दिलाय.

लंडनस्थ

मग ते कुटचे कैदी. दोन तारखांच्या मधला काळ म्हणजे मृत्यू कुणी पाहिला किंवा नोंदवला नाही. युद्ध संपल्यावर परत आलेल्यांच्या यादीत माणूस नव्हता, म्हणून मृत धरला. कैद्यांना कुटहून बगदाद, पुढे समारा आणि तिथून वाळवंटातून चालत रास-अल-ऐनकडे नेलं, बगदाद रेल्वेच्या कामावर. रास-अल-ऐन आज सीरिया-तुर्कस्तान सीमेवर आहे. वाटेत पडले त्यांची जागा कुणी लिहून ठेवली नाही.

यापुढे एक दार आहे: जिनेव्हाच्या रेडक्रॉसचं पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांचं दप्तर. ते ऑनलाइन आणि मोफत आहे. पण तिथे नाव टाइप करून शोध लागत नाही, देश आणि अक्षरक्रमाने स्कॅन केलेली कार्डं एकेक पान उलटत पाहावी लागतात. कार्डावर कैद्यांच्या यादीचा क्रमांक सापडला तर ती यादी उघडायची. तुर्कांच्या हाती सापडलेल्या भारतीयांच्या नोंदी तुटपुंज्या आहेत, हे मनाशी धरूनच बसा. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांची माहिती मात्र अर्ज करूनच मिळते, आणि ते अर्ज वर्षातून ठरावीक वेळा, मर्यादित संख्येने घेतात. खिडकी उघडली की त्याच दिवशी भरा.

लंडनमधल्या दोन ठिकाणांबद्दल गैरसमज फार आहेत. क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या रोजनिश्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या डब्ल्यू.ओ. 95 या मालेत, दुसऱ्यातल्या मध्यपूर्व आणि आफ्रिकेच्या 169 मध्ये, मलाया-ब्रह्मदेशच्या 172 मध्ये. त्यांत अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचा फक्त आकडा: 'मृत 12, बेपत्ता 5'. पण तुमच्याकडे तारीख असेल तर त्या दिवशी पलटण नेमकी कुठे होती, पाणी होतं का, माघार किती वाजता घेतली, हे सगळं त्यात मिळतं. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात भारतीय शिपायांची वैयक्तिक सेवापुस्तकं नाहीत. त्यासाठी लंडनला जाऊ नका.

पंजाबच्या 3,20,000 सैनिकांचे रजिस्टर लाहोर संग्रहालयात मिळाले ही बातमी 2021 पासून फिरते आहे. ते फक्त पंजाबचे. मुंबई इलाख्यातल्या गावांसाठी तिथे पाहून उपयोग नाही.

खडकीकर

फ्रान्सबद्दल लिहितो, कारण मराठी लोक फ्रान्समध्ये नव्हतेच असं अनेकजण धरून चालतात. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (सैन्याच्या इंजिनिअर दलाच्या) 20 आणि 21 कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 ला न्यूव्ह शापेलच्या गल्लीबोळांत लढल्या आणि त्यांचं भयंकर नुकसान झालं. या पलटणीत मराठे होते. तिथले बेपत्ता न्यूव्ह शापेल मेमोरियलवर आहेत, 4,700 हून जास्त नावं. बसऱ्यासारखा आकडा तिथे नाही, शिपायाचंही नाव दगडावर कोरलेलं आहे.

दिल्लीच्या इंडिया गेटवर सगळ्यांची नावं असतात हाही गैरसमज. तिथे सुमारे 13,000 नावं आहेत, मुख्यतः वायव्य सरहद्द आणि 1919 च्या अफगाण युद्धातली. बसऱ्याच्या माणसाला तिथे शोधून निराश होऊ नका.

सह्यकडा

दुसऱ्या महायुद्धाबद्दल सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 'कबर ज्ञात नाही' हे शब्द वाचून हाय खाऊ नका. हिंदू आणि शीख सैनिकांचं अनेकदा दहन झालं, त्यामुळे कबर नसणं स्वाभाविक होतं. दहन झालेल्यांची स्मारकंही वेगळी आहेत: एरिट्रियात केरेन, इटलीत सँग्रो नदी आणि फोर्ली, मणिपुरात इम्फाळ, ब्रह्मदेशात टौक्यान. नोंदीत 'क्रिमेशन मेमोरियल' असेल तर अंत्यसंस्कार झाला होता, आणि तो त्या परिसरात झाला होता. घरच्यांसाठी हा फरक फार मोठा असतो. तो नीट समजावून सांगा.

'कासिनो मेमोरियल', 'अलामेन मेमोरियल', 'रंगून मेमोरियल' असेल तर ठिकाण अनिश्चित. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, 3/5 मराठा, 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचंही नाव कासिनो मेमोरियलवरच आहे. इतक्या मोठ्या सन्मानाच्या माणसाची जागा जिथे टिकली नाही, तिथे साध्या शिपायाची टिकली नाही म्हणून कुणी त्याची हेळसांड केली असं लगेच धरू नये.

2/5 च्या माणसांबद्दल विचारणा येते ती बहुधा टोब्रुकची. 21 जून 1942 ला लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा ही पलटण कैद झाली. कैदी इटलीत नेले, आवेझानोला भारतीयांची छावणी होती. सप्टेंबर 1943 ला इटलीने शस्त्रं ठेवल्यावर काही डोंगरात निसटले, काहींना जर्मनांनी पुढे नेलं. अशांसाठी अलामेनच्या यादीवर थांबू नका, इटली, फ्रान्स आणि जर्मनीतल्याही याद्या पाहा. 4/5 साठी मार्च 1944 ची सांगशाकची लढाई बघा, मणिपुरातली.

दर्यावर्दी

कोकणातल्या खलाशांना विसरू नका. राजापूर, रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन इथले शेकडो लोक बोटींवर होते, बोट बुडाली आणि घरी फक्त कंपनीचा कागद आला. त्यांना सैन्याच्या यादीत शोधून काही मिळत नाही. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या 2,000 हून जास्त खलाशांची नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी जहाजांवरच्या सुमारे 6,000 जणांची नावं वहीत आहेत. कमिशनच्या संकेतस्थळावर ती 'बॉम्बे मेमोरियल' आणि 'चितगाव मेमोरियल' अशी दिसतात.

इथे किल्ली नंबर नसून बोटीचं नाव. घरात खलाशाचं जुनं डिस्चार्ज पुस्तक असेल तर शेवटची चढल्याची नोंद बघा. तिच्यासमोर उतरल्याचा शिक्का नसेल तर तीच ती बोट. बोट कळली की बुडाल्याची तारीख आणि जागा मिळतेच. मुसलमान खलाशांच्या नावांत वडिलांचं नाव पुढे-मागे झालेलं असतं, म्हणून बोटीच्या यादीतली सगळी नावं वाचा.

आजोळ_पाटण

बेळगावला लिहून काही होईल का? आणि एकजण म्हणतो वारसांना ब्रिटिश सरकारची भरपाई मिळवून देतो, 5,000 रुपये फाइलचे.

सह्यकडा

त्या माणसाला एक पैसाही देऊ नका आणि आधार, बँक पासबुकाच्या प्रती तर अजिबात देऊ नका. अशी कुठलीही योजना नाही.

बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं अभिलेख कार्यालय आहे, तिथे लिहायला हवंच. शिपायाचा शीट रोल (वैयक्तिक सेवापत्रक) पेन्शन नसेल तर 25 वर्षांनी नष्ट करण्याचा नियम होता, लाँग रोल (पलटणीची नोंदवही) मात्र जपला जातो. म्हणून 'सर्व माहिती द्यावी' असं न लिहिता 'लाँग रोलमधील नोंदीची प्रत' मागा. अर्जात नंबर, पलटण जुन्या आणि नव्या क्रमांकासह, नाव शक्य त्या सगळ्या स्पेलिंगांत, वडिलांचं नाव, गाव-तालुका-तेव्हाचा जिल्हा, भरतीचं अंदाजे वर्ष आणि नातं दाखवणारा कागद. सैन्य केंद्राचं असल्याने माहिती अधिकाराचा अर्जही केंद्राचाच, 10 रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. 'नोंद सापडत नाही' असं आलं तर आधी नंबर तपासा, मगच अपील. सॅपर्ससाठी पत्ता खडकीचा. विधवेला पेन्शन होती असं घरात सांगत असतील तर प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडेही विचारा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पत्र पुढे पाठवायला मदत करतं, पण महायुद्धांच्या नोंदी त्यांच्याकडे नसतात.

यादीत नाव नसेल आणि मृत्यू त्या तारखांत झाल्याचा कागद तुमच्याकडे असेल, तर नाव घालण्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो. सेवेचा पुरावा आणि मृत्यूचा पुरावा, दोन्ही लागतात. नुसतं घरातलं सांगणं चालत नाही. स्मृतिफलकाचा स्वच्छ फोटो जोडा. असलेल्या नोंदीत गावाचं किंवा वडिलांचं नाव चुकलं असेल तर ते दुरुस्त करायलाही पुरावा जोडूनच लिहायचं.

1965 आणि 1971 च्या बेपत्ता जवानांचा विषय पूर्ण वेगळा आहे. सरकारी यादीतले 54 जण, त्यांच्या नातेवाइकांची 2007 मधली पाकिस्तानातल्या तुरुंगांची भेट, त्यासाठीचे मार्ग. ते इथे मिसळू नये, दोन्हींची सरमिसळ झाली की शोधणाऱ्याची फरफट होते.

मोडीप्रेमी

गावच्या पाटीचा फोटो इथे टाकणाऱ्यांना एक विनंती. सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, दुपारी अक्षरं दिसत नाहीत. पाटीवर रंग किंवा चुना लागलेला असेल तर खरवडू नका, अक्षरांत खडू किंवा ऑइलपेंट भरू नका. साधं पाणी शिंपडून अर्धा मिनिट थांबलात की कोरलेला भाग आपोआप गडद दिसतो. सोबत गाव, तालुका आणि दोन्ही आकडे मराठीत लिहा, म्हणजे गावाच्या नावाने धाग्यात शोधता येईल. आजोळ_पाटण, तुमच्या गावच्या पाटीवर 'प्राण दिले' समोर जो आकडा असेल तेवढी माणसं एक्सेलच्या यादीत त्याच गावाच्या नावाने सापडतात का ते मोजून बघा. बाकीच्यांची घरंही गावात असतील.